वाचकांचे प्रश्न : मज्जा रिकामी करणं वेगळं, प्रतिकार थोपवणं वेगळं

मागच्या अंकात सिकलसेलच्या रुग्णांमधल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणावर टिपण होतं. 'औषधांच्या आणि रेडिएशनच्या मात्रा आधी उंदीर आणि कुत्र्यांवर ठरल्या' असं एक वाक्य त्यात ओझरतं येऊन गेलं, आणि सगळ्यात जास्त पत्रं त्याच वाक्यावर आली. बरीचशी नागपुरातल्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांमधून, काही घरांतून, एक थेट गोठ्यातून. नेहमीप्रमाणे नावं गाळली आहेत.

प्रश्न : माझ्या मुलाला सिकलसेल आहे. सख्ख्या बहिणीचं एचएलए (पेशींवरच्या ओळखीच्या खुणा) पूर्ण जुळलं. तरी मज्जा देण्याआधी औषधं आणि रेडिएशन लागेल असं डॉक्टर म्हणतात. बहिणीच्या पेशी शरीर परक्या का मानेल? (पालक, पाचपावली)

एचएलए जुळलं तरी दोन भावंडांच्या इतर प्रथिनांमध्ये बारीक फरक उरतातच, आणि परकं ओळखून मारणाऱ्या टी-पेशींना तेवढं निमित्त पुरतं. शिवाय प्रतिकार हा निम्माच प्रश्न आहे. मुलाच्या मज्जेत मूळपेशींच्या जागा आधीच भरलेल्या असतात. त्या मोकळ्या झाल्याशिवाय बहिणीच्या पेशी टिकून बसत नाहीत. म्हणजे कामं दोन : जागा करायची आणि प्रतिकार थोपवायचा. या पानावरचे निम्मे घोळ या दोन कामांची गल्लत केल्यामुळेच झालेले दिसतील.

किती जागा आणि किती प्रतिकार, याचा हिशेब मुख्यतः अमेरिकेत सिएटलला कुत्र्यांवर लागला. १९९० चे नोबेल मानकरी ई. डॉनल थॉमस आणि त्यांचे सहकारी रेनर स्टॉर्ब यांचं हे काम. कुत्रा का, तर प्रयोगशाळेतले एका जातीचे उंदीर जनुकांनी एकसारखे असतात. कुत्रे आपल्यासारखे एकमेकांपासून वेगळे असतात आणि एकाच वेतात जुळणारी भावंडंही मिळतात. आधी ९.२ ग्रे रेडिएशन देऊन मज्जा पूर्ण मारली जायची. (१ ग्रे म्हणजे शरीराच्या दर किलोला १ ज्यूल ऊर्जा.) १९९७ मध्ये या गटाने दाखवलं, की जुळणाऱ्या भावंडांत फक्त २ ग्रे पुरतात. अट एकच : नंतर सुमारे पाच आठवडे सायक्लोस्पोरीन आणि चार आठवडे मायकोफेनोलेट ही प्रतिकार दाबणारी औषधं द्यायची. तीच औषधं ठेवून रेडिएशन १ ग्रेवर आणलं, तर दात्याच्या पेशी काही आठवडे दिसतात आणि मग नाकारल्या जातात.

सिकलसेलला याचा मोठा फायदा झाला, कारण इथे सगळी मज्जा बदलावी लागत नाही. सिकलच्या लाल पेशी १० ते २० दिवसांत फुटतात, निरोगी पेशी साधारण १२० दिवस जगते. त्यामुळे मज्जेतला पाचवा हिस्सा जरी दात्याचा झाला, तरी रक्तात निरोगी पेशींचंच राज्य होतं. मोठ्या रुग्णांसाठी वापरली जाणारी ३ ग्रे रेडिएशन आणि अलेम्टुझुमॅब, सिरोलिमस ही प्रतिकार थोपवणारी औषधं, ही पद्धत यावरच उभी आहे. तुमच्या मुलासाठी कोणती पद्धत, ते त्याचं वय, यकृतातलं लोह, आधी किती वेळा रक्त चढलंय, हे पाहून त्याचे डॉक्टरच ठरवतील. त्यांना एवढं जरूर विचारा, की यातलं कोणतं औषध जागेसाठी आहे आणि कोणतं प्रतिकारासाठी. औषधं किती दिवस चुकवून चालणार नाहीत, ते त्या उत्तरावरून कळतं.

प्रश्न : आमच्याकडे इरॅडिएटर (किरण देणारं यंत्र) नाही. गुळवेलीच्या प्रयोगासाठी आम्ही सायक्लोफॉस्फामाइडने उंदरांची प्रतिकारशक्ती दाबतो. तेच २०० मि.ग्रॅ. प्रतिकिलो देऊन मज्जा प्रत्यारोपण करता येईल का? (फार्मसीची पीएच.डी. विद्यार्थिनी, कामठी)

नाही. आणि का नाही, हे कळलं की बाकीचं आपोआप कळेल.

सायक्लोफॉस्फामाइड भराभर विभागणाऱ्या पेशी आणि लिम्फोसाइट (टी-पेशींसारख्या प्रतिकाराच्या पांढऱ्या पेशी) मारतं. पण रक्ताच्या मूळपेशींत अल्डिहाइड डीहायड्रोजिनेज हे विकर भरपूर असतं, ते औषधाचा विषारी रेणू मोडून टाकतं. म्हणून १५० मि.ग्रॅ. प्रतिकिलो आणि तीन दिवसांनी १०० मि.ग्रॅ. प्रतिकिलो या नेहमीच्या वेळापत्रकात न्यूट्रोफिल (जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) जवळजवळ शून्यावर येतात आणि काही दिवसांत परततात. परततात, कारण मूळपेशी जाग्यावर शाबूत असतात. तुमच्या गुळवेलीच्या प्रयोगाला हे सोयीचं. प्रत्यारोपणाला मात्र जागाच झालेली नसते. दात्याच्या पेशी टोचाल, उंदीर ठणठणीत जगेल, आणि चार महिन्यांनी रक्त तपासलं तर सगळं रक्त त्याचं स्वतःचंच.

बसल्फान बरोबर उलटं वागतं : मूळपेशी मारतं, पक्व टी-पेशींना फारसा धक्का लावत नाही. दाता आणि घेणारा एकाच जातीचे असतील तर एकट्या बसल्फानवर भागतं. जाती वेगळ्या असतील तर दोन्ही औषधं लागतात. रूढ वेळापत्रक असं : बसल्फान २० मि.ग्रॅ. प्रतिकिलो रोज एकदा, चार दिवस, पोटाच्या पोकळीत टोचून. मग सायक्लोफॉस्फामाइड १०० मि.ग्रॅ. प्रतिकिलो दोन दिवस. मग एक दिवस मोकळा ठेवून मज्जा. मोकळा दिवस गाळू नका, शरीरात उरलेलं औषध नव्या पेशींनाही मारतं.

बसल्फान पाण्यात विरघळत नाही, निम्मे प्रयोग इथेच बुडतात. डीएमएसओ या द्रावकात २० मि.ग्रॅ. प्रति मि.ली. द्रावण करा आणि टोचण्याच्या अगदी आधी कोमट सलाइनमध्ये दहापट पातळ करा. २० ग्रॅमच्या उंदराला ०.२ मि.ली. गेलं की ०.४ मि.ग्रॅ. झालं, म्हणजे २० मि.ग्रॅ. प्रतिकिलो. पातळ केलेली बाटली उजेडासमोर धरून पाहा. तळाशी बारीक चकाकणारे कण तरंगताना दिसले तर ते औषधच आहे, स्फटिक होऊन बाहेर पडलेलं. तशीच सिरिंज भरली तर पहिल्या उंदराला निम्मा डोस जातो आणि बाटलीच्या तळातलं मिळालेल्या शेवटच्याला दुप्पट. एका वेळी पाच-सहा उंदरांपुरतंच पातळ करा, संपलं की पुन्हा.

आणखी एक. पाचव्या दिवशी रक्तात पांढऱ्या पेशी बऱ्यापैकी दिसतात म्हणून घाबरून डोस वाढवू नका. बसल्फानचा घाव मूळपेशींवर असतो, रक्तातली घसरण उशिरा, दुसऱ्या आठवड्याकडे दिसते. दोन्ही औषधं माणसालाही घातक आहेत. दुहेरी हातमोजे घाला, औषध हूडमध्येच बनवा, आणि उंदरांचा भुसा दोन-तीन दिवस सायटोटॉक्सिक कचऱ्यातच टाका. सायक्लोफॉस्फामाइडचे विषारी अंश लघवीतून जातात. पिंजरे धुणाऱ्या मामांना हे बहुतेक ठिकाणी कुणी सांगतच नाही.

प्रश्न : आमच्या विद्यापीठात बियाण्यांवर किरण टाकण्यासाठी कोबाल्टचा गॅमा चेंबर आहे. त्यात उंदीर ठेवून १० ग्रे देता येतील का? आणि १० ग्रे हा आकडा सगळ्या उंदरांना चालतो का? (एम.व्ही.एससी. विद्यार्थी, सेमिनरी हिल्स)

पहिल्याचं उत्तर नाही. उदाहरण म्हणून ब्रिट या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेचा गॅमा चेंबर ५००० घ्या. स्रोत नवा असताना त्याचा वेग तासाला सुमारे ९ किलोग्रे, म्हणजे सेकंदाला अडीच ग्रे. तुमचे १० ग्रे चार सेकंदांत संपले. नमुन्याचं भांडं खाली जाताना आणि वर येताना जो डोस लागतो, तोच एवढ्या लहान डोसात मोठी चूक करतो. उंदरांसाठीच्या सीझियम इरॅडिएटरचा वेग मिनिटाला साधारण अर्धा ते एक ग्रे असतो. त्या वेगाला निरोगी ऊतींना दुरुस्तीला थोडा वाव मिळतो आणि वेळ मोजण्यातली चूकही नगण्य ठरते. शिवाय त्या चेंबरचा परवाना ज्या वापरासाठी आहे, त्याबाहेरचा वापर अणुऊर्जा नियामक मंडळाला आणि तुमच्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला चालणार नाही.

नागपुरात जमेल असा मार्ग म्हणजे एखाद्या कर्करोग रुग्णालयाशी लेखी करार करून रुग्णांच्या वेळेनंतर त्यांचं किरणोपचाराचं टेलिकोबाल्ट किंवा लिनॅक यंत्र वापरणं. तिथले मेडिकल फिजिसिस्ट सोबत हवेतच. उंदीर वायुवीजनाची भोकं असलेल्या पातळ ॲक्रिलिकच्या खोक्यात एका थरात ठेवतात, एकावर एक चढू न देता. किरण शरीरात शिरल्यावर पूर्ण जोर धरायला थोडी जाडी लागते : कोबाल्टला अर्धा सेंटिमीटर, ६ एमव्हीच्या लिनॅकला दीड सेंटिमीटर. उंदीर मुळातच दोन सेंटिमीटरचा. म्हणून खोक्याच्या वर-खाली तेवढ्या जाडीच्या ॲक्रिलिकच्या पाट्या ठेवाव्यात आणि निम्मा डोस वरून, निम्मा खालून द्यावा. पाटी विसरलात तर पाठीची त्वचा आणि मणका कमी डोसात सुटतात. मणक्यात भरपूर मज्जा असते, तीच पुढे प्रयोग बिघडवते.

आता आकडा. १० ग्रे हा सगळ्या उंदरांचा आकडा नाही. काळ्या सी५७ ब्लॅक ६ ला ९.५ ते ११ ग्रे लागतात. पांढरा बाल्ब-सी ८ ते ८.५ मध्येच आटोपतो, कारण डीएनए दुरुस्त करणाऱ्या एका प्रथिनाचं त्याचं जनुक मुळातच दुबळं आहे. स्किड या प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात तेच जनुक निकामी असल्याने ३ ग्रेच्या पुढे जाऊ नये, आणि एनएसजी या तशाच जातीला २ ते २.५ पुरेत. एक्स-रे इरॅडिएटर वापरत असाल तर गॅमाचा आकडा जसाच्या तसा उचलू नका. कमी ऊर्जेचे एक्स-रे जैविकदृष्ट्या जास्त मारक असतात, सुरुवात १० ते १५ टक्के कमी डोसाने करा.

पूर्ण डोस एकदम देण्याऐवजी दोन हिश्श्यांत, तीन-चार तासांच्या अंतराने दिला तर आतड्याच्या पेशी मधल्या वेळात सावरतात, मज्जेच्या फारशा सावरत नाहीत. ११ ग्रेला जाणार असाल तर हे करायलाच हवं.

कागदावरचा डोस आणि उंदराला लागलेला डोस यांत फरक असतो, म्हणून प्रत्येक जागी छोटा चाचणी-प्रयोग लागतो : ८.५ पासून अर्ध्या-अर्ध्या ग्रेने १०.५ पर्यंत, प्रत्येक पायरीला चार-पाच उंदीर, मज्जा न देता. ज्या सर्वांत कमी डोसाला एकही उंदीर स्वतःच्या मज्जेवर सावरत नाही, तो तुमचा डोस. उंदीर मरेपर्यंत थांबायचं नाही, तो मरणपंथाला लागल्याची आधी ठरवलेली लक्षणं दिसली की वेदनारहित मृत्यू द्यायचा.

टेलिकोबाल्टवाल्यांसाठी एक खास सापळा. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे स्रोत महिन्याला सुमारे एक टक्का कमजोर होतो. जानेवारीत काढलेली मिनिटं डिसेंबरपर्यंत तशीच वापरली तर १० ग्रे म्हणून दिलेला डोस खरा ८.८ च्या आसपास भरतो. मग घेणाऱ्याची स्वतःची मज्जा हळूच परत येते, आणि दोष बिचाऱ्या दात्याच्या पेशींवर जातो.

प्रश्न : रेडिएशननंतर सहाव्या ते नवव्या दिवसात आमचे निम्मे उंदीर मेले. मज्जा दिलेलेसुद्धा. पेशी कमी पडल्या का? (संशोधन सहायक, मेडिकल चौक)

बहुधा नाही. उंदीर कोणत्या दिवशी मेला, यावरून कारण बरंचसं कळतं. तिसऱ्या ते सातव्या दिवशी, हगवण लागून, शेपटीखाली ओलसर राहून मेला तर आतडं जळालंय : डोस जास्त झाला. मज्जा न बसल्यामुळे होणारे मृत्यू दहाव्या ते चौदाव्या दिवसांत जास्त दिसतात. कान आणि पंजे आधी फिके पडतात, त्वचेखाली लाल ठिपके येतात. वेगळ्या जातीची मज्जा टी-पेशींसकट दिली असेल तर दात्याच्या टी-पेशीच घेणाऱ्यावर उलटतात. पाठीला कुबड, केस पिंजारलेले, त्वचा सोलवटलेली, वजन पुन्हा घसरायला लागलेलं, हे तेव्हाचं रूप.

मधल्या दिवसांत, काल बरे दिसणारे उंदीर सकाळी एकदम मेलेले सापडत असतील, तर पिंजऱ्यापेक्षा पाण्याच्या बाटलीकडे पाहा. नळीच्या तोंडाच्या आतल्या बाजूने कापसाचा बोळा फिरवा. बुळबुळीत, हिरवट झाक असलेला थर निघाला तर स्यूडोमोनास एरुजिनोसाची शक्यता दाट. निरोगी उंदराला त्याचं काही होत नाही. न्यूट्रोफिल संपलेल्या, आतड्याचं अस्तर झिजलेल्या उंदराच्या रक्तात तो जंतू एका रात्रीत पसरतो. मेलेल्या उंदराच्या हृदयातलं रक्त आणि बाटलीतलं पाणी दोन्ही कल्चरला पाठवा, म्हणजे तर्क करत बसावं लागणार नाही.

उपाय रेडिएशनच्या आठवडाभर आधीपासून सुरू होतो. पाणी ऑटोक्लेव्ह करून हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच २.५ ते ३ वर आणा. पीएच कागदाने नाही, मीटरने मोजा. रेडिएशनच्या दिवसापासून दोन आठवडे एन्रोफ्लॉक्सासिन, दर मि.ली. पाण्यात ०.१७ ते ०.२५ मि.ग्रॅ. हे औषध उजेडात बिघडतं, म्हणून बाटलीला फॉइल गुंडाळा आणि दोन-तीन दिवसांनी बदला. ते कडूही असतं. उंदीर पाणी कमी पितात आणि त्यानेच सुकतात. बाटली रोज वजन करून पाहा, पिणं निम्म्यावर आलं असेल तर दुसरं प्रतिजैविक निवडा. रेडिएशननंतर तोंड येतं, कडक पेलेट कुरतडवत नाही. ऑटोक्लेव्ह केलेलं खाद्य भिजवून मऊ करून छोट्या ताटलीत खाली ठेवा आणि रोज नवं द्या. नागपूरच्या हवेत भिजवलेलं खाद्य दुसऱ्या दिवशी आंबतं.

तारखा पाहता तुमचे मृत्यू मे महिन्यातले दिसतात. सीसीएसईए या प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीच्या मार्गदर्शक तत्त्वांत ॲनिमल हाउसचं तापमान १८ ते २९ अंश आणि आर्द्रता ३० ते ७० टक्के दिली आहे. बाहेर ४५-४६ अंश असताना एसी बंद पडला की कुणीतरी दारात डेझर्ट कूलर आणून ठेवतं. त्याने पारा उतरतो, पण आर्द्रता चढते, भुसा ओला राहतो, आणि टाकीत साचलेल्या पाण्याचे तुषार पिंजऱ्यांवर जातात, म्हणजे बाटलीतून काढलेला जंतू हवेतून परत. आमचं स्पष्ट मत : एसीला जनरेटरचा आधार नसेल तर एप्रिल ते जूनमध्ये रेडिएशनचे प्रयोग लावूच नयेत. वजन पहिल्या आठवड्यात १० ते १५ टक्के उतरणं अपेक्षित आहे. २० टक्क्यांवर गेलं आणि उंदीर कुबड काढून कोपऱ्यात बसला, तर वाट पाहायची नाही.

प्रश्न : मज्जा टोचताच दोन उंदीर मिनिटभरात आचके देऊन मेले. (तीच प्रयोगशाळा)

पेशींच्या गाठी फुफ्फुसात अडकल्या. दात्याची हाडं, म्हणजे दोन मांड्यांची आणि दोन नडग्यांची, २५ किंवा २६ गेजच्या सुईने धुऊन काढलीत की गाळ ७० मायक्रॉनच्या, आणि टोचण्याच्या आधी पुन्हा ४० च्या गाळणीतून जाऊ द्या. मेलेल्या पेशींतून सुटलेला डीएनए चिकट धागे करतो, थोडं डीएनेज (डीएनए कापणारं विकर) घातलं की ते सुटतात. एका उंदरातून तीन ते सहा कोटी पेशी निघतात. घेणाऱ्याला २० ते ५० लाख पुरे, ०.२ मि.ली. मध्ये, शेपटीच्या कडेच्या शिरेतून, सावकाश. दोन लाखांच्या खाली गेलात तर उंदीर वाचण्याची खात्री नाही. ट्युबेतल्या पेशी दर उंदराआधी हलवून घ्या, नाहीतर त्या तळाशी बसतात आणि पहिल्या उंदराला निव्वळ सलाइन जातं. हवेचा बुडबुडाही असाच जीव घेतो. शीर दिसत नसेल तर शेपूट ४० अंशांच्या पाण्यात मिनिटभर धरा.

प्रश्न : सीडी४५.१ दाता, सीडी४५.२ घेणारा (पांढऱ्या पेशी कुणाच्या ते ओळखण्याच्या खुणा). चौथ्या आठवड्यात दात्याच्या पेशी ७० टक्के, सोळाव्यात १० टक्के. मज्जा नाकारली गेली असं लिहू का? (पोस्ट-डॉक, वर्धा रोड)

इतक्यात नाही. आधी एकूण पांढऱ्या पेशींचा आकडा फोडून पाहा. ग्रॅन्युलोसाइट (यांत न्यूट्रोफिलही आले) काही दिवसच जगतात, म्हणून आज मज्जेत कोण काम करतंय ते त्यांच्यावरून कळतं. टी-पेशी महिनोन् महिने जगतात आणि काही रेडिएशनलाही दाद देत नाहीत. घेणाऱ्याच्या १५-२० टक्के टी-पेशी उरल्या म्हणून प्रत्यारोपण फसलं असं होत नाही.

ग्रॅन्युलोसाइटही घसरले असतील तर वाटा दोन. घेणाऱ्याची स्वतःची मज्जा परत आली, म्हणजे जागा नीट झाली नव्हती. चौथ्या आठवड्यात दिसल्या त्या दात्याच्या अल्पजीवी पूर्वपेशी, त्या संपल्या आणि मागे मूळपेशी बसलेल्याच नव्हत्या. खऱ्या मूळपेशींचा निकाल सोळाव्या आठवड्याआधी देऊ नये, त्याचं कारण हेच. किंवा मग प्रतिकार. इथे दाता नर आणि घेणारी मादी आहे का, ते रजिस्टरमध्ये पाहा. ब्लॅक ६ माद्या नराच्या वाय गुणसूत्रावरची प्रथिनं जोमाने नाकारतात. १० ग्रेला हे सहसा दिसत नाही, डोस कमी केलेल्या प्रयोगात हमखास दिसतं. मादीची मज्जा नराला, किंवा दोन्ही एकाच लिंगाचे, एवढं पाळलं की प्रश्न मिटतो.

दोन जातींच्या संकरातल्या पहिल्या पिढीच्या (एफ-१) पिल्लांना आई किंवा बापाच्या जातीची मज्जा देत असाल तर वेगळाच घोळ होतो. पुस्तकी नियमाने ती नाकारली जाऊ नये, पण एनके (परक्या पेशी थेट मारणाऱ्या) पेशी तिला नाकारतात, कारण स्वतःच्या अर्ध्या खुणा त्यांना तिच्यावर सापडत नाहीत. एनके पेशी रेडिएशनला चिवट असतात, नुसता डोस वाढवून त्या आटोक्यात येत नाहीत. ब्लॅक ६ मध्ये एनके१.१ या खुणेला चिकटणारं पीके१३६ हे प्रतिपिंड आधी देऊन त्या काढता येतात. बाल्ब-सीमध्ये तेच प्रतिपिंड देऊन लोक फसतात : त्या जातीच्या एनके पेशींवर एनके१.१ ची खूण नसतेच, तिथे असियालो-जीएम१ विरुद्धचं प्रतिपिंड लागतं.

प्रश्न : माणसाची मज्जा उंदरात रुजवायची आहे. रोज १० मि.ग्रॅ. प्रतिकिलो सायक्लोस्पोरीन पुरेल का? (बायोटेक विद्यार्थी, हिंगणा)

पुरणार नाही. सायक्लोस्पोरीन टी-पेशींना वाढवणाऱ्या आयएल-२ या प्रथिनाचा निरोप तोडतं, बस. परक्या प्राण्याच्या पेशी गिळणाऱ्या मॅक्रोफाज, एनके आणि कॉम्प्लिमेंट (रक्तातली मारक प्रथिनं) त्याने थांबत नाहीत. यासाठी एनएसजी उंदीर घ्या. त्याच्यात टी, बी आणि एनके तिन्ही नाहीत, आणि त्याच्या मॅक्रोफाजवरचं सर्प-अल्फा हे प्रथिन माणसाच्या सीडी४७ ला घट्ट धरतं, त्यामुळे ते माणसाच्या पेशी गिळत नाहीत. एनबीएसजीडब्ल्यू ही जात घेतलीत तर रेडिएशनही टाळता येतं : किट जनुकातल्या दोषामुळे तिची स्वतःची मूळपेशी आधीच दुबळी असते, जागा मोकळीच. महाग आहेत, पण पिंजराभर साधे उंदीर वाया घालवण्यापेक्षा स्वस्त.

प्रश्न : यासाठी परवानगी कुणाची? (प्राध्यापक, सीताबर्डी)

उंदीर-घुशींसाठी संस्थेच्या प्राणी-नीती समितीची, फॉर्म बी भरून. कुत्र्यांसारख्या मोठ्या प्राण्यांसाठी समितीच्या शिफारशीनंतर सीसीएसईएची, म्हणजे पूर्वीच्या सीपीसीएसईएची. अर्ज बहुतेक दोन जागी अडतो. मज्जा न दिलेल्या नियंत्रण गटाचा शेवट 'मृत्यू' असा लिहू नका. वजन, हालचाल, शरीराची ठेवण यांचे गुण आणि थांबण्याची रेघ लिहा. दुसरं, प्रत्येक रेडिएशनच्या खेपेला दोनच नियंत्रण उंदीर पुरतात. दहा मागितले तर समिती विचारणारच, आणि बरोबर विचारते. रेडिएशनचा परवाना वेगळा, अणुऊर्जा नियामक मंडळाचा. समितीची मंजुरी म्हणजे तो नव्हे.

प्रश्न : गाईला जुळं झालं, एक गोऱ्हा, एक कालवड. गावातले म्हणतात कालवड वांझ निघणार. डॉक्टर म्हणाले, हाही मज्जा बदलण्याचाच प्रकार. खरं का? (शेतकरी, काटोल)

खरं, आणि इथे औषधही लागत नाही. गाईच्या पोटात जुळ्यांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या बहुधा एकमेकींना जोडल्या जातात. गोऱ्ह्याच्या रक्ताच्या मूळपेशी कालवडीत जातात, तिच्या त्याच्यात. तेव्हा दोघांची प्रतिकारशक्ती अजून घडायची असते, ती परक्या पेशींना आपलंच समजून घडते. १९४५ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ रे ओवेन यांनी दाखवलं, की अशा जुळ्यांच्या अंगात मोठेपणीही दोन प्रकारचं रक्त सोबत नांदतं. शरीराला परकं सहन करायला शिकवता येतं, हा विचार तिथून पुढे आला.

त्याच वाटेने गोऱ्ह्याची संप्रेरकंही येतात आणि कालवडीचं गर्भाशय नीट घडत नाही. अशा दहातल्या नऊहून जास्त कालवडी वांझ निघतात. गोऱ्हा सहसा ठीक असतो. पण दोन वर्षं खाऊ घालून मग कळण्यात अर्थ नाही. कालवड महिन्याची झाली की पशुवैद्यकाकडून योनिमार्गाची लांबी मोजून घ्या. वांझ कालवडीत ती त्याच वयाच्या चांगल्या कालवडीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी भरते. शंका उरली तर रक्तात वाय गुणसूत्राची पीसीआर चाचणी करा. त्यात वाय दिसलं, तर ती कालवड दुधासाठी ठेवण्याचा विचार सोडा.